शुक्रनाशक औषधें : सोय आणि जोखीम

ज्या विषयावर आम्ही आज लिहिणार आहोंत, तो आमच्या वयाच्या माणसानें हातीं घ्यावा हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. मुलांकडून शब्दरूपें आणि समास घोटून घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या शाळामास्तरास संततिनियमनाच्या साधनांशीं काय कर्तव्य, असें कोणीं विचारलें तर तें गैर म्हणतां येणार नाहीं. आम्ही वैद्यहि नाहीं आणि डॉक्टरहि नाहीं. परंतु गेल्या वर्षीं आमच्याच कुटुंबांत असा एक प्रसंग घडला कीं, त्यानें आम्हांस या विषयावरील पुस्तकें व अहवाल उघडावयास लाविलें. जें वाचलें तें आपल्यापुरतेंच ठेवणें अप्पलपोटेपणाचें होईल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोंत.

आमच्या एका पुतण्याची पत्नी सहा महिन्यांत तीन वेळां मूत्रदाहानें आजारी पडली. मुलगी चांगली शिकलेली, नोकरी करणारी, लग्नाला चार वर्षें झालेली. दर वेळीं लघवीस जळजळ, ओटीपोटांत कळ, आणि एकदां तर थंडी वाजून ताप. दर वेळीं जंतुनाशक गोळ्यांचा पांच-सात दिवसांचा क्रम झाला, आराम पडला, आणि महिना-दीड महिन्यानें पुन्हां तेंच. पाणी कमी पिते, बाहेरचें खाते, कचेरींतील संडास अस्वच्छ असतात, अशीं नाना कारणें घरांत चर्चिलीं गेलीं. सासूबाईंनीं धने-जिऱ्याचें पाणी सुरू केलें. चौथ्या खेपेस एका डॉक्टरीणबाईंनीं तिला एकटीस आंत घेऊन एवढेंच विचारलें, "मूल होऊं नये म्हणून तुम्ही काय वापरतां ?" योनिमार्गांत ठेवावयाची शुक्रनाशक गोळी वापरतें, असें तिनें सांगितलें. बाईंनीं ती बंद करावयास सांगून दुसरें साधन सुचविलें. तेव्हांपासून आजतागायत तो विकार उलटलेला नाहीं.

एका दृष्टान्तावरून सिद्धान्त काढूं नये, एवढें न्यायशास्त्र आम्हांसहि ठाऊक आहे. पण या प्रसंगांत आमच्या मनास बोचलें तें निराळेंच. गोळी दुकानांत मागितल्याबरोबर मिळाली होती. खोक्यांतील पत्रक न वाचतां केरांत गेलें होतें. तीन वेळां औषध देणाऱ्यांनीं तो साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि तिनेंहि आपण होऊन सांगितलें नव्हतें, कारण, "ती कांहीं पोटांत घ्यावयाची गोळी नव्हे, मग तिचा अपाय कसला?" अशी तिची समजूत होती. आमच्या सौभाग्यवतींस तिनें हें सारें पुढें सांगितलें, आणि सौभाग्यवतींनीं आम्हांस म्हटलें, "एवढीं पुस्तकें वाचतां, मग हेंहि एकदां वाचून पाहा." आम्हीं वाचून पाहिलें तें असें.

कल्पना जुनी, द्रव्य नवें

गर्भधारणा टाळण्यासाठीं योनिमार्गांत कांहीं द्रव्य ठेवावें, ही कल्पना काल-परवांची नाहीं. इजिप्त देशांत सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं लिहिल्या गेलेल्या एबर्स नांवाच्या वैद्यकग्रंथांत बाभळीच्या जातीच्या झाडाचा अंश, खजूर व मध एकत्र कुटून तें मिश्रण बोळ्यावर घेऊन ठेवावें, असा पाठ आहे. त्याहूनहि जुन्या एका ग्रंथांत मगरीच्या विष्ठेचा उल्लेख सांपडतो. आपल्याकडील उत्तरकालीन वैद्यकसंग्रहांत तेलांत भिजविलेल्या सैंधवाच्या खड्याचा प्रयोग सांगितलेला आहे. मीठ जखमेस कसें झोंबतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या प्रयोगाची किंमत कोणी मोजली असेल तें निराळें सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन येथील वॉल्टर रेंडेल नांवाच्या औषधविक्यानें कोकोच्या लोण्यांत क्विनीन घालून वड्या विकावयास आरंभ केला. अशा प्रकारचीं रासायनिक साधनें पुढें आपल्या देशांतहि आलीं. महाराष्ट्रांत या विषयाचें नांव काढतांच प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचें स्मरण होणें साहजिक आहे. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. अश्लीलतेच्या आरोपाखालीं त्यांच्यावर खटले झाले, तरी स्त्रीच्या शरीराविषयीं स्पष्ट व शास्त्रशुद्ध बोलावें हा आग्रह त्यांनीं सोडला नाहीं. त्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. परंतु हा लेख लिहितांना आमची लेखणी जेथें जेथें अडखळली, तेथें तेथें त्यांचीच आठवण झाली.

१९५२ सालीं आपल्या देशांत सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच्या आरंभींच्या काळांत फेस येणाऱ्या गोळ्याहि वांटल्या गेल्या. १९५० नंतर मात्र या सर्व औषधांत एका द्रव्यानें हळूहळू अग्रस्थान पटकाविलें. त्याचें नांव नॉनॉक्झिनॉल-९. गोळी, मलम, जेली, फेस, विरघळणारा पातळ पापुद्रा किंवा स्पंज, बाह्य रूप कोणतेंहि असो, गेल्या कित्येक दशकांत आंतील कार्यकारी द्रव्य बहुधा हेंच असतें.

रिठ्याचा दृष्टान्त

हें द्रव्य काम कसें करतें हें समजलें, म्हणजे त्याचे दोष आपोआप समजतात. नॉनॉक्झिनॉल-९ हें मुळांत एक प्रकारचें साबणासारखें क्षालक आहे. आपण रिठ्यानें रेशमी लुगडें धुतों तेव्हां रिठा मळांतील तेलकटपणा सोडवितो. शुक्रजंतूच्या भोंवतीं जें अतिसूक्ष्म आवरण असतें तेंहि स्निग्ध द्रव्याचेंच बनलेलें असतें. हें क्षालक त्या आवरणास भेदतें आणि शुक्रजंतु निश्चेष्ट होऊन मरतो.

परंतु रिठ्यास मळ कोणता आणि डोळा कोणता हें कळत नाहीं. केस धुतांना त्याचा एक थेंब डोळ्यांत गेला तर काय होतें, हें प्रत्येक घरांतील मुलांस ठाऊक आहे. योनिमार्गाच्या अस्तराच्या पेशींनाहि तसेंच स्निग्ध आवरण असतें. तेथें वस्ती करून राहिलेल्या उपकारक जंतूंनाहि तें असतें. जें औषध शुक्रजंतूचें आवरण फाडतें, तें यांना सर्वस्वीं वगळील अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. या औषधांचे बहुतेक दुष्परिणाम या एका गोष्टींतून निघालेले आहेत.

जळजळ आणि मूत्रदाह

सर्वांत साधा परिणाम म्हणजे आग, खाज, लाली आणि स्राव. तो स्त्रीस होतो तसाच कधीं कधीं पतीसहि होतो. कांहींच्या प्रकृतीस हें द्रव्य मुळींच सोसत नाहीं. फेस येणाऱ्या गोळ्या विरघळतांना ऊब वाटते. ती थोडी असल्यास चिंतेचें कारण नाहीं. परंतु आग तासन् तास राहिली, किंवा प्रत्येक खेपेस वाढूं लागली, तर तें शरीराचें सांगणें समजून औषध थांबवावें. सवय झाली म्हणजे सोसेल, हा विचार येथें घातक आहे. कारण प्रयोगांत दिसून आलें तें असें कीं, वापर जितका वारंवार, तितकी अस्तराची इजा अधिक.

दुसरा परिणाम म्हणजे आमच्या सुनेस झालेला मूत्रदाह. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गांत लॅक्टोबॅसिलस नांवाचे जंतु असतात. ते दह्याच्या विरजणांतील जंतूंचे भाईबंद. ते तेथें आम्ल उत्पन्न करतात, आणि त्या आंबटपणामुळें आंतड्यांतून भटकत येणाऱ्या अपकारक जंतूंस पाय रोवतां येत नाहींत. नॉनॉक्झिनॉलनें या राखणदारांची संख्या घटते. मूत्रदाहाचें मुख्य कारण असलेला ई. कोलाय नांवाचा जंतु मात्र त्या द्रव्यास सहसा दाद देत नाहीं. राखणदार गेले आणि चोर राहिला, अशी ही स्थिति. स्त्रीचा मूत्रमार्ग तोकडा व योनिमार्गास लागूनच असल्यामुळें तो जंतु तेथून मूत्राशयांत शिरावयास फार वेळ लागत नाहीं.

अमेरिकेंतील सिअॅटल शहरीं ७९६ तरुण स्त्रियांची सहा महिनेपर्यंत पाहणी करून १९९६ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत रबरी टोपीसह शुक्रनाशकाचा अलीकडील वापर हें मूत्रदाहाचें एक स्वतंत्र कारण म्हणून नोंदलेलें आहे. पुढें शुक्रनाशक लावलेल्या निरोधांच्या बाबतींतहि तसाच संबंध आढळला. म्हणून ज्या स्त्रीस मूत्रदाह वारंवार होतो, तिनें वैद्याकडे गेल्यावर या साधनाचा उल्लेख अवश्य करावा. न विचारतां करावा.

स्पंज किंवा रबरी टोपी यांच्या बाबतींत आणखी एक क्वचित् घडणारा, पण भयंकर प्रकार सांगणें प्राप्त आहे. हीं साधनें सांगितल्या वेळेपेक्षां अधिक काळ आंत राहिलीं, तर एका जातीच्या जंतूंचें विष रक्तांत भिनून एकाएकीं मोठा ताप, वांती, उन्हानें भाजल्यासारखी लाली आणि घेरी अशीं लक्षणें होऊं शकतात. तशा वेळीं साधन तात्काळ काढून रुग्णालय गांठावें. रजोदर्शनाच्या दिवसांत, तसेंच प्रसूति वा गर्भपात यांच्या नंतरच्या आठवड्यांत स्पंज वापरूं नये, असें यासाठींच सांगतात.

एक मोठी आशा आणि तिचा शेवट

आतां जी हकीकत सांगावयाची ती या विषयांतील सर्वांत महत्त्वाची होय. १९८५ सालीं असें आढळलें कीं, कांचेच्या नळींत नॉनॉक्झिनॉल-९ हें एड्सच्या विषाणूसहि निष्प्रभ करतें. त्या वेळीं त्या रोगावर कांहींच इलाज नव्हता. ज्या स्त्रियांस पुरुषाकडून निरोध वापरण्याची हमी मिळत नाहीं, त्यांच्या हातीं स्वतःच्या रक्षणाचें एक साधन येईल, अशी मोठी आशा उत्पन्न झाली. ही आशा थोर होती, यांत शंका नाहीं.

नैरोबी येथें स्पंजाचा जो प्रयोग झाला, त्याचा अहवाल १९९२ सालीं बाहेर आला. त्यांत संरक्षण दिसलें नाहीं, उलट व्रणांचें प्रमाण अधिक दिसलें. कॅमेरून देशांत १२९२ स्त्रियांवर पापुद्र्याचा प्रयोग झाला. १९९८ सालीं त्याचाहि निष्कर्ष तसाच आला. तरी आशा सुटली नाहीं, कारण द्रव्याची मात्रा कमी केली तर इजा होणार नाहीं, असें पुष्कळांस वाटत होतें. म्हणून बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका व थायलंड या चार देशांतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांत एका सौम्य जेलीचा प्रयोग झाला. तिच्या प्रत्येक मात्रेंत नॉनॉक्झिनॉल अवघें ५२.५ मिलिग्रॅम होतें. अर्ध्या स्त्रियांस ती जेली, अर्ध्यांस तशीच दिसणारी पण त्या द्रव्यावांचूनची जेली, आणि सर्वांसच निरोध व सल्ला, अशी योजना होती.

२००० सालच्या जुलैमध्यें डर्बन येथील परिषदेंत निकाल जाहीर झाला, तेव्हां ऐकणारे थक्क झाले. औषध वापरणाऱ्या ३७६ स्त्रियांपैकीं ५९ जणींस एचआयव्हीचा संसर्ग झाला होता. न वापरणाऱ्या ३८९ स्त्रियांपैकीं ४५ जणींस. म्हणजे ज्यानें रक्षण व्हावयाचें, त्यानेंच दार उघडें केलें होतें. ज्या स्त्रिया दिवसास सरासरी साडेतीन वेळांहून अधिक वापर करीत, त्यांच्यांत धोका जवळजवळ दुप्पट दिसला. कमी वापर करणाऱ्यांत तसा स्पष्ट फरक दिसला नाहीं. कारण उघड होतें. कांचेच्या नळीस अस्तर नसतें, स्त्रीच्या देहास तें असतें. वारंवार क्षालन झालेल्या अस्तरास सूक्ष्म क्षतें पडतात, आणि विषाणूस तेवढी फट पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं तज्ज्ञांची बैठक भरवून स्पष्ट सांगितलें कीं, रोगप्रतिबंधासाठीं या द्रव्याचा वापर करूं नये. ज्यांना एचआयव्हीचा धोका अधिक आहे त्यांनीं तें संततिनियमनासाठींहि वापरूं नये. आणि तें लावलेल्या निरोधांचा पुरस्कार करूं नये. अमेरिकेच्या सरकारनेंहि २००७ सालीं तशी सूचना खोक्यावर छापणें सक्तीचें केलें.

आमच्या वाचकभगिनी म्हणतील, त्या स्त्रियांची गोष्ट निराळी, आमची निराळी. वापराच्या प्रमाणापुरतें तें खरें आहे. पण ज्या स्त्रियांस समाज उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्यांनीं आपलें शरीर या परीक्षेस दिलें म्हणून सुखवस्तु घरांतील स्त्रियांस खोक्यावर सावधगिरीची सूचना वाचावयास मिळाली, हें विसरतां कामा नये.

जी भीति खरी ठरली नाहीं

दोष सांगतांना नसलेला दोष चिकटविणें हाहि अन्यायच. हीं औषधें वापरीत असतांना गर्भ राहिल्यास मूल सव्यंग होतें, असा समज अजून कोठें कोठें ऐकूं येतो. त्याचें मूळ १९८१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत आहे. त्यांत औषधाच्या चिठ्ठ्यांवरून स्त्रियांची वर्गवारी केली होती. ज्या काळांत गर्भ राहिला त्या काळांत त्यांनीं तें प्रत्यक्ष वापरलें होतें कीं नाहीं, याची खात्री केलेली नव्हती. तरी भीति पसरली. १९८५ सालीं जॉर्जिया संस्थानांतील एका न्यायालयानें सव्यंग जन्मलेल्या मुलीच्या वतीनें आलेल्या दाव्यांत सुमारें पन्नास लक्ष डॉलर भरपाई देवविली. पुढें १९८७ सालीं मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत असा कांहीं संबंध आढळला नाहीं. तेव्हां एखादीस या साधनावर भिस्त ठेवूनहि दिवस गेले असतील, तर केवळ या भीतीनें तिनें जीव टांगणीस लावूं नये.

नवें म्हणून निर्दोष नव्हे

नॉनॉक्झिनॉलवांचून काम भागेल काय, याचा शोध पुष्कळ ठिकाणीं झाला. २०२० सालीं अमेरिकेंत एका जेलीस संमति मिळाली. तिच्यांत ताकांतील लॅक्टिक आम्ल, लिंबांतील सायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम बायटार्ट्रेट हीं द्रव्यें आहेत. ती क्षालक नव्हे. योनिमार्गाचा नैसर्गिक आंबटपणा टिकवून शुक्रजंतूंस मंद करणें हें तिचें काम. परंतु सुमारें १४०० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांत पांचांतील एकीस तिनेंहि आग झाली, आणि ज्यांना मूत्रविकार वारंवार होतो त्यांनीं ती वापरूं नये असें सांगितलें गेलें.

आपल्या देशांत डॉक्टर तलवार यांच्या प्रेरणेनें कडुनिंबाचा अर्क व रिठ्याचें सत्त्व इत्यादिकांची 'प्रानीम' नांवाची गोळी तयार झाली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनें तिची स्त्रियांत परीक्षाहि केली. ही परीक्षा झाली हेंच आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण आपल्या घरांत वनस्पतीचें म्हणजे निरुपद्रवी, असें मानण्याची खोड आहे. रिठा झाडावर येतो म्हणून त्याचा फेस डोळ्यास झोंबावयाचा राहत नाहीं.

भरंवसा किती ?

इतकी जोखीम पत्करून फळ काय, हाहि हिशोब पाहिला पाहिजे. कांहींच साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकीं वर्षांत सुमारें ८५ जणींस गर्भ राहतो. नुसतें शुक्रनाशक वापरणाऱ्यांत, सामान्य माणसांच्या हातून होणाऱ्या चुका धरून, २१ ते २८ जणींस राहतो. निरोध वापरणाऱ्यांत ही संख्या सुमारें १३ असते, आणि तांबी बसविलेल्यांत एकाहून कमी. म्हणजे केवळ या गोळीवर विसंबणें हा दुबळा भरंवसा आहे. तरी तिला मुळींच स्थान नाहीं असें नव्हे. संप्रेरकांच्या गोळ्या ज्यांना सोसत नाहींत, ज्यांचा सहवास क्वचित् घडतो, आणि ज्यांना रोगसंसर्गाचा धोका नाहीं, अशा जोडप्यांस साध्या निरोधाच्या जोडीस ती उपयोगीं पडते.

वापरावयाची झालीच, तर चार गोष्टी पाळाव्या. गोळी विरघळण्यास दहा-पंधरा मिनिटें लागतात, तो धीर धरावा. दिवसांतून एकाहून अधिक वेळ वापर करूं नये. नंतर सहा तास आंतून धुऊं नये; तशा धुण्यानें रक्षणहि जातें आणि उपकारक जंतूहि जातात. लघवीस जळजळ झाल्यास वैद्यास साधनाचें नांव सांगावें, आणि थंडी-ताप किंवा पाठींत कळ असेल तर एक दिवसहि दवडूं नये, कारण तेव्हां मूत्रपिंडाचा प्रश्न असूं शकतो.

पतिराजांसहि दोन शब्द. गोळी आणावयाची तिनें, ठेवावयाची तिनें, आग सोसावयाची तिनें, आणि तिसऱ्यांदां आजारी पडली म्हणजे "तूं पाणी कमी पितेस" हें ऐकावयाचेंहि तिनेंच, ही वांटणी न्यायाची नव्हे. मूल केव्हां व्हावें हा दोघांचा विचार असेल, तर खोक्यांतील पत्रक दोघांनीं मिळून वाचावें, आणि वैद्याकडे जातांना दोघांनीं जावें.

छापावयास देण्यापूर्वीं हा लेख आम्हीं सौभाग्यवतींच्या हातीं त्या सुनेकडे पाठविला. आपली हकीकत काढून टाकावी असें ती म्हणेल, अशी आमची अटकळ होती. तिनें निरोप पाठविला, "काकांना म्हणावें, नांव नको, पण बाकी सारें राहूं द्या. मला कोणीं आधीं सांगितलें असतें तर तीन दुखणीं वांचलीं असतीं."